मुलखाला गेलेत

माझ्या अक्षराचं कौतुक आजही होतं. पणतीच्या वहीवर मी दोन ओळी लिहून दिल्या तर शाळेतल्या बाई विचारतात, हे पणजींनी लिहिलंय का. ऐकून मला बरं वाटतं आणि पाठोपाठ मी ती वही मिटून ठेवते. असं का करते हे घरात कुणालाच माहीत नाही. ज्यांना माहीत होतं ते गेले. म्हणून आता लिहायला हरकत नाही असं मी म्हणते, पण हरकत घेणारं कुणी उरलं नाही म्हणूनच एवढा धीर आलाय हेही मला कळतं. मी तेव्हा भित्री होते, आणि म्हातारपणानं त्यात काही सुधारणा केलेली नाही.

आम्ही शहागंजच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहत होतो. आता गावाचं नाव बदललंय, पत्ता लिहिताना मी नवंच लिहिते, पण त्या दिवसांबद्दल लिहायला बसलं की हातातून औरंगाबादच उतरतं. माझे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणायचो, निजामाच्या कचेरीत अहलकार होते. अहलकार म्हणजे कारकूनच, पण उर्दूत असल्यामुळे नानांना तो हुद्दा मोठा वाटायचा. त्यांचं उर्दू फार देखणं होतं. मोडीही झरझर यायची. बालबोध मात्र त्यांच्या हाताला कधी लागलीच नाही. देवनागरीत चार शब्द लिहायचे तर आधी वरची रेघ ओढून घ्यायचे आणि मग दोरीवर धोतरं वाळत घालावीत तशी एकेक अक्षर तिला टांगायचे. मी आणि आई तोंडाला पदर लावून हसायचो. आईला तर तेवढंही येत नव्हतं. ती वेरूळकडच्या खेड्यातली, शाळेचा उंबरासुद्धा तिनं पाहिला नव्हता, पण हसायला ती सगळ्यात पुढं.

पोलीस अ‍ॅक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आणि हसण्यावारी नेण्याची ती गोष्ट एकदम आमच्या जिवावर आली. कचेरीची भाषा बदलली. बालबोध न येणाऱ्या तीन अहलकारांना घरी बसवलं. त्यातले एक रोज सकाळी टोपी घालून चौकापर्यंत यायचे आणि परत जायचे. नाना त्यांना पाहून रस्ता बदलायचे. त्याच सुमारास नानांना एका नव्या ऑफिसात पाठवलं. ऑफिसाचं खरं नाव लांबलचक होतं, गावात त्याला सगळे कुलूप-कचेरी म्हणत. पाकिस्तानात निघून गेलेल्यांच्या दुकानांना, घरांना कुलूप घालायचं, लाखेचं सील लावायचं आणि माल विकून टाकायचा, हे तिथलं काम. साहेब नागपूरकडचे होते, त्यांना उर्दू वाचता येत नव्हतं. चौकशीला जाणारे जमादार जुने, ते सगळं उर्दूत लिहून आणत. ते मराठीत करून कोण देईल, असं साहेबांनी विचारलं आणि नाना 'मी देतो' म्हणून मोकळे झाले.

देत होते मी. सतरा वर्षांची होते, मॅट्रिक झालेली. नाना अंघोळ करून चुलीपाशी पाटावर बसायचे आणि जमादाराचा कागद वाचून दाखवायचे. मी समोर मांडी घालून त्याचं मराठी करून लिहायची. आई भाकरी थापता थापता ऐकायची आणि मधेच 'आगं बया, ते बी गेले व्हय?' असं म्हणायची. कागदाला पीठ लागू नये म्हणून परात दूर सरकवलेली असे. साहेबांना वाटायचं अक्षर नानांचं आहे. एकदा ते म्हणाले, 'काय अक्षर आहे हो तुमचं!' नानांनी संध्याकाळी येताना माझ्यासाठी पावशेर पेढे आणले आणि आपल्या खोटेपणाची गोष्ट आम्ही तिघांनी बसून आनंदानं खाल्ली.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी करीमचाचांचं हिमरूचं दुकान होतं. सूत आणि रेशीम एकत्र विणून केलेलं ते कापड. त्याच्या शाली आणि शेरवान्या लांबलांबचे लोक घेऊन जायचे. पुढं दुकान, मागं चार माग, आणि माडीवर चाचा, चाची आणि त्यांची मुलगी सुग्रा, माझ्याच वयाची. मागांचा आवाज सकाळपासून सुरू असे, खट खट आणि मग एक जड धप्प. आमच्या घरात घड्याळ नव्हतं. माग दुपारच्या नमाजासाठी थांबले की आई डाळीखालचा विस्तव ओढायची. ईदेला चाची शिरखुर्मा करून पाठवत नसत, कारण आमच्या घरात त्यांच्या हातचं शिजलेलं चालत नव्हतं. त्या कोऱ्या शेवया, खारका, चारोळी आणि साखर ताटात घालून वर रुमाल झाकून पाठवायच्या, आणि आई ते आपल्या चुलीवर शिजवायची. आमच्या पुरणपोळ्या मात्र त्यांच्याकडं शिजलेल्याच जायच्या आणि त्या खाल्ल्याही जायच्या. यात काही वावगं आहे असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नाही. मी सुग्राच्या ताटात कित्येकदा जेवले आणि घरी येऊन भूक नाही म्हणाले, ते आईला कळत असणार.

चाचांचे आजोबा बुऱ्हाणपूरहून आलेले. पण त्या घरात बुऱ्हाणपूर असं कुणी म्हणत नसे, 'मुल्क' म्हणत. मुल्क कू शादी है, मुल्क से खत आया, मुल्क की जिलेबी. ती जिलेबी खव्याची, काळपट आणि जाडजूड असे. लहान असताना मला वाटायचं की मुल्क नावाचं एक गाव आहे आणि तिथं सगळे हलवाईच राहतात. आई तोच शब्द आपल्या पद्धतीनं वळवून म्हणायची, चाचा मुलखाला गेलेत. आमच्या गल्लीत मुलूख म्हणजे बुऱ्हाणपूर, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

पोलीस अ‍ॅक्शननंतर बाजारात जो तो मराठी पाट्या लावायला लागला. चाचांनी एक फळी रंगवून घेतली आणि मला बोलावलं. 'बेटी, तेरे हात से लिख.' मी खडूनं आखून मोठ्या अक्षरांत 'हिमरू' लिहिलं. समोर मागावर कोयऱ्यांची शाल चढलेली होती, ती बघत बघत मी 'रू'ची शेपटी कोयरीसारखी वळवली. चाचांना नागरी वाचता येत नव्हती, पण ती शेपटी बघून ते केवढे खूश झाले! 'ये तो बूटी बनाई तू!' म्हणाले, म्हणजे कापडात विणतात ती नक्षी, आणि सगळ्या विणकरांना बोलावून दाखवलं. तेव्हापासून मी कुठंही 'रू' लिहिला की शेपटी तशीच वळायची. हाताला सवय लागली ती लागलीच.

मग सुग्राचं लग्न ठरलं, बुऱ्हाणपूरलाच. गावातली हवा चांगली नव्हती, चाचीचा भाऊ बायकापोरांसह कराचीला निघून गेलेला होता, त्यामुळे लोक चाचांकडंही जरा वळून बघायला लागले होते. चाचा आमच्या दारात आले, उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि आईला म्हणाले, 'भाबी, हम मुल्क कू जाको आते. दुकान पे नजर रखो.' आईनं सुग्राच्या ओटीत खण घातला. मी तिला माझी निळी काचेची माळ दिली. माग थांबले. लग्न झालं, मग तिकडं चाची आजारी पडल्या, आणि आठ दिवसांचे तीन महिने झाले. डाळ दोनदा करपली.

एक दिवस दुपारी नागपूरचे साहेब जमादाराला घेऊन गल्लीत आले. नाना ऑफिसातच होते. आई दाराच्या आत उभी राहिली, मी तिच्या मागं.

'बाई, या दुकानाचा मालक कुठं गेला?'

'मुलखाला गेलेत की. पोरीचं लगीन व्हतं तिकडं.'

'येणार आहे का परत?'

'न यायला काय झालं? येतीलच. माग टाकून कुनी जातंय व्हय?'

जमादारानं उर्दूत एक ओळ लिहिली आणि साहेबांना वाचून दाखवली, 'अपने मुल्क को चला गया.' साहेब म्हणाले, 'अच्छा. म्हणजे गेलाच.' आणि ते दोघं पुढच्या दुकानाकडं वळले. आईला त्यात काही वाटलं नाही. तिनं खरं तेच सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कागद आमच्या चुलीपाशी आला. नानांनी वाचला. मी बोरू उचलला आणि विचारलं, 'बुऱ्हाणपूर लिहू ना?'

नानांनी कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिला. मग म्हणाले, 'कागदात बुऱ्हाणपूर आहे का?'

'नाही. पण मुल्क म्हणजे...'

'कागदात आहे तेवढंच लिहायचं असतं, शकू.'

'मग मुलूख लिहू?'

नानांनी चुलीपुढच्या आईच्या जागेकडं पाहिलं. ती पाणी आणायला बाहेर गेली होती. ते हळू आवाजात म्हणाले, 'साहेबांनी देश म्हटलंय, त्यांच्या मनात पाकिस्तान आहे. मी काल बोलायला गेलो तर म्हणाले, तुम्ही त्या मेहुण्याला ओळखता का, कराचीला गेला तो? मी नाही म्हणालो.' चाचांच्या त्या मेहुण्याबरोबर नाना दर रविवारी बुद्धिबळ खेळायचे. हे बोलताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही आणि मीही त्यांच्याकडं बघितलं नाही. मी 'देश' लिहिलं. चाचा येतील असं आई म्हणाली होती, पोरीचं लग्न होतं असंही म्हणाली होती, हे मी तिच्या मागं उभी राहून कानांनी ऐकलं होतं. ते कागदात नव्हतं, म्हणून मीही लिहिलं नाही. आई कळशी घेऊन आत आली आणि म्हणाली, 'काय लिवलं गं चाचाचं?' मी म्हणाले, 'तू सांगितलंस तेच.'

पुढं तीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं, त्या नोकरीतही हे अक्षर उपयोगी पडलं. समानार्थी शब्द घेताना 'देश' म्हटलं की पोरं ओरडायची, 'मुलूख!' मी बरोबर म्हणायची आणि घाईघाईनं पुढचा शब्द घ्यायची.

त्या कागदानंतर आठवड्याभरात दुकानाला कुलूप लागलं, सील लागलं आणि दारावर नोटीस चिकटली. नोटीसही मीच लिहिलेली, आमच्याच चुलीपाशी. मग माग सोडवून रस्त्यावर आणले. चारही मागांची लाकडं, दोऱ्या आणि अर्धवट विणलेल्या शाली उन्हात पडल्या होत्या आणि बाहेरगावचा कोणी व्यापारी त्यावरून पायानं चाचपत फिरत होता. आई दारात उभी राहून रडली. मी आत जाऊन तांदूळ निवडत बसले. तांदूळ आदल्या दिवशीच निवडून झाले होते.

होळीच्या आसपास चाचा परत आले, एकटेच. चाची अजून आजारी होत्या, त्यांना तिकडं ठेवून आले होते. मी नळावरून येत होते तर ते दुकानासमोर उभे, हातात जिलेबीचा पुडा. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. घरचं माणूस दिसल्यासारखा. 'बेटी, अच्छी आई तू. ये क्या लिखे सो है, जरा पढ को सुना.'

मी कळशी खाली ठेवली आणि माझंच अक्षर वाचायला लागले. त्यात लिहिलं होतं की हिमरूच्या या दुकानाचे मालक आपल्या देशास निघून गेल्याचे शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून दिसते, सबब दुकान आणि आतील माल ताब्यात घेण्यात आला आहे. 'शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून' हे शब्द मी गाळले. चाचा कान देऊन ऐकत होते. एका शब्दावर त्यांनी बोट ठेवलं. 'ये हिमरू है ना?' मी हो म्हणाले. ते त्या शब्दाकडं जरा वेळ बघत राहिले.

मग म्हणाले, 'देस बोले तो मुल्कच ना, बेटी?'

'हो, चाचा.'

'तो सच्चीच लिखे. गया था मैं मुल्क कू. फिर ताला कायकू मारे?' आणि मग स्वतःच स्वतःची समजूत घातली. 'आदमी नै दिखा तो मार दिये होंगे. कल कचेरी में जाको बोलतौं, मुल्क कू गया था, आ गया वापस. खोल देंगे.'

इथं मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. चाचा, तिथं मुल्क म्हणू नका, बुऱ्हाणपूर म्हणा. एवढंच. कागद लिहिताना माझ्यासमोर नाना होते, साहेबांचा हुकूम होता. त्या नळाच्या रस्त्यावर कुणीसुद्धा नव्हतं. पण ते तिथं जाऊन म्हणाले असते की शकूनं सांगितलंय, तर शकूला कागदातलं काय कळतं हे विचारलं गेलं असतं, आणि अक्षर कुणाचं हे निघालं असतं, आणि नाना टोपी घालून चौकापर्यंत जाणाऱ्या माणसांत जाऊन बसले असते. हा सगळा हिशोब माझ्या डोक्यात एका दमात झाला. सतरा वर्षांच्या मुलीला एवढं जलद सुचतं याचं मला आजही आश्चर्य वाटतं. मी म्हणाले, 'हो चाचा, तसंच सांगा.' ते म्हणाले, 'जीती रह,' आणि पुडा माझ्या हातात दिला.

ऑफिसात काय झालं ते नानांनी त्या दिवशी सांगितलं नाही. ते जेवले नाहीत, एवढंच. पुष्कळ वर्षांनी, आजारपणात, एकदा बोलले. साहेबांनी चाचांना विचारलं होतं, 'तुम्ही मुल्कात गेला होता, हे खरं आहे का?' चाचा हात जोडून, हसतमुखानं म्हणाले, 'जी साब, गया था.' साहेबांनी पुन्हा विचारलं. चाचांना वाटलं साहेबांना ऐकू आलं नसावं, म्हणून ते मोठ्यानं म्हणाले, 'मुल्क कू गया था, साब! हर साल जातौं.' तेही कागदावर लिहून घेतलं गेलं. नाना दोन हातांच्या अंतरावर, खाली मान घालून बसलेले होते. दाराबाहेर आल्यावर कुठल्यातरी शिपायानं चाचांना त्या शब्दाचा त्या खोलीतला अर्थ समजावून सांगितला. तोवर सही झाली होती. पुढं त्यांनी अर्ज केले, हेलपाटे घातले, बुऱ्हाणपूरहून काझींचा कागद आणला. दुकान एव्हाना दुसऱ्याला दिलं गेलं होतं.

शेवटचे ते आमच्याकडं आले तेव्हा काखेत दुकानाची पाटी होती. नव्या दुकानदारानं ती काढून गटाराशेजारी टाकली होती, चाचांनी ती उचलून धुऊन आणली होती. आई, नाना आणि मी घरातच होतो. आई म्हणाली, 'बसा हो भाईजान. परत मुलखाला चाललात?'

चाचा म्हणाले, 'वो लफ्ज नको, भाबी. बुऱ्हाणपूर कू जातौं.'

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं. आईनं त्यांना पाणी दिलं. ते उंबऱ्याबाहेरच बसले, पाटी गुडघ्यांवर आडवी ठेवून. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि 'रू'च्या शेपटीवरून अंगठा फिरवला.

'बेटी का हात अच्छा है. बूटी एक बार देखी तो मैं भूलता नै, जुलाहा हूँ. येइच बूटी उस कागज पे थी.' त्यांच्या आवाजात राग नव्हता. पाटी परत काखेत घेत म्हणाले, 'उधर दुकान डाला तो येइच पाटी लगाऊंगा.' नानांकडं वळून त्यांनी सलाम केला. नानांचा हात कपाळापर्यंत गेला नाही, अर्ध्यातच राहिला. चाचा उठले आणि गेले. येतो असंही म्हणाले नाहीत.

आई त्यांच्या पाठीकडं बघत होती. मग ती माझ्याकडं वळली. 'शके, कोनता कागद गं?'

नाना उठून आतल्या खोलीत गेले. मी एकटीच तिच्यासमोर उरले. आई माझ्या तोंडाकडं बघत होती, आणि मी तिला म्हणाले, 'दुकानाचा. साहेब आले होते तेव्हा तू सांगितलंस ना मुलखाला गेलेत म्हणून, तेच लिहिलं होतं त्यात. त्यावरून दुकान गेलं.'

तिला समजायला थोडा वेळ लागला. मग तिनं पदर तोंडात कोंबला आणि भिंतीला टेकून खाली बसली. त्यानंतर आईनं तो शब्द कधी उच्चारला नाही. अनोळखी माणसानं दारात येऊन साधं कुणाचं घर विचारलं तरी ती आत निघून जायची, मला पुढं करायची. 'तू सांग बाई, माझं त्वांड लई वाईट,' म्हणायची. शेवटच्या आजारातही तिला चाचा आठवायचे. मला म्हणायची, 'माझ्या एका बोलानं त्यांचं समदं गेलं गं.' मी तिचे पाय चेपत होते. 'तुझ्यामुळे नाही' असं मी म्हणाले नाही.

नाना गेले, चाचा केव्हा गेले ते कळलंही नाही. मी आज हे सगळं स्वच्छ बालबोधीत लिहून काढलंय. आईला वाचता येत नव्हतं.